गावात व्हिडिओ व्हायरल झाला तर पहिल्या तासात काय करायचं: बातमीदार आणि पीआरवाले, दोघांसाठी

मी आधी सांगली जिल्ह्यात तालुका वार्ताहर होतो आणि आता बरीच वर्षं पीआरचं काम करतोय, म्हणजे हॉस्पिटल, पतसंस्था, एक-दोन शिक्षणसंस्था यांच्या प्रेसनोट काढणं, पेज सांभाळणं आणि काही गडबड झाली की त्यांच्या वतीनं पत्रकारांचे फोन उचलणं. मी सुरू केलं तेव्हा हातानं लिहिलेली कॉपी पाकिटात घालून एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचो, ती संध्याकाळी जिल्ह्याच्या ऑफिसात पोचायची, मग फॅक्स आला, मग ईमेल. तेव्हा दुपारी दोनला काही घडलं तर रात्रीच्या डेडलाइनपर्यंत चार जणांना विचारायला वेळ मिळायचा आणि समोरच्या संस्थेलाही खुलासा लिहायला वेळ असायचा. आता दुपारी दोनला घडलेलं दोन वाजून पाच मिनिटांनी तालुक्यातल्या प्रत्येक ग्रुपवर असतं. तो मधला वेळ गेला तो गेलाच. पण त्या वेळात जे काम व्हायचं, विचारणं, ताडून बघणं, दुसऱ्या बाजूचं ऐकणं, ते काही कमी झालेलं नाही, तेवढंच करायचंय, फक्त एका तासात. तो तास कसा वापरायचा ते माझ्या अनुभवातून लिहितोय, नवीन पोरांना उपयोग होईल.

आधी हात आवरा

पहिली पायरी म्हणजे फॉरवर्ड करू नका. आणि "हे खरं आहे का?" असं विचारत ग्रुपवर टाकणं हेही फॉरवर्डच आहे बरं का. हे मी मुद्दाम सांगतोय कारण आपले पत्रकार हीच चूक सगळ्यात जास्त करतात, दोनशे लोकांच्या ग्रुपवर "कन्फर्म आहे का कुणाकडे?" म्हणून व्हिडिओ टाकतात, त्यातले दीडशे जण प्रश्न वाचतच नाहीत, व्हिडिओ बघतात, आणि पुढं पाठवताना म्हणतात की अमक्या पेपरच्या माणसानं टाकलाय. तुमचं नाव लागलं की अफवेला शिक्का मिळतो. विचारायचंच असेल तर ज्याला माहिती असू शकते अशा एकालाच, पर्सनलवर विचारा.

1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात काय झालं ते आपल्या सगळ्यांना माहितीये. बाजाराचा दिवस होता, भिक्षा मागायला आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले, मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं त्यांना ठार मारलं. मुलं पळवणाऱ्या टोळ्या फिरतायत असे मेसेज आधीपासून मोबाइलवर फिरत होते. त्या काळात देशभर जो एक व्हिडिओ फिरत होता, मोटारसायकलवरचे दोघं रस्त्यावरून पोराला उचलून नेतात तो, तो मुळात कराचीतला मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेला जनजागृतीचा व्हिडिओ होता, शेवटी पोराला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात, पण तो शेवटच कापून टाकलेला होता. शेवटची काही सेकंद कापली आणि जनजागृतीची अफवा झाली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली, पुढं एप्रिल 2020 मध्ये खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जाईल असं केलं. मेसेजवर दोन बाणांची खूण दिसली की समजायचं हा खूप हातांतून आलाय आणि पाठवणाऱ्याला त्याच्याबद्दल बहुतेक काहीच माहिती नाही.

कुणी काढला, कुठं काढला, कधी काढला

आता खरं काम. बातमीदारानं व्हिडिओ मिळाल्यावर पाठवणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा, "तुम्ही स्वतः काढलाय का?" नाही म्हणाला तर कुणाकडून आला, मग त्याला फोन. दोन-तीन फोनात माणूस सापडतो, निदान तालुक्यात तरी सापडतो, हा आपला मोठा फायदा आहे, मुंबईला पेपरच्या ऑफिसात डेस्कवर बसलेल्याला हे जमत नाही. काढणारा सापडला की मूळ फाइल मागायची आणि ती डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगायची, कारण साधा फोटो किंवा व्हिडिओ म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप त्याचा आकार कमी करतं आणि आत साठवलेली तारीख-वेळेची माहिती निघून जाते. आणि हे विचारायला विसरू नका: याच्या आधीचा आणि नंतरचा भाग आहे का तुमच्याकडे? भांडणाच्या व्हिडिओत पहिला हात कुणी उचलला ते नेहमी कापलेल्या भागात असतं.

काढणारा सापडलाच नाही तर व्हिडिओतली एक-दोन स्पष्ट चित्रं स्क्रीनशॉट घेऊन गूगल लेन्सवर टाका, जुना असेल तर बऱ्याचदा लगेच सापडतो. कॉम्प्युटर असेल तर इनव्हिड नावाचं फुकट टूल ब्राउझरला जोडता येतं, ते व्हिडिओचे तुकडे करून एकेक चित्र शोधायला देतं. पण टूलच्या आधी डोळे वापरा. गाड्यांच्या नंबरप्लेट बघा, एमएच 10 सांगली, एमएच 09 कोल्हापूर, एमएच 18 धुळे, आणि सांगलीचा म्हणून आलेल्या व्हिडिओत एकही एमएच गाडी नसेल तर थांबा. दुकानाच्या पाट्या कुठल्या लिपीत आहेत, पोलिसांचा गणवेश कुठला, मागं बोलणारे कसं बोलतायत. आवाज बंद करून एकदा आणि चित्र न बघता नुसतं ऐकून एकदा, असं दोनदा बघायची मला सवय आहे, कारण आपल्याकडचा माणूस आणि मराठवाड्यातला माणूस ओरडताना वेगळा ओरडतो, ते कान लगेच सांगतात. शेतं बघा. एकदा जुलैत गारपिटीचा म्हणून व्हिडिओ आला, तासगावकडचा आहे म्हणे, आणि वेलींना पिकलेले घड लोंबत होते. द्राक्षाचा सीझन त्याच्या कितीतरी आधी संपलेला असतो. हे कुठल्याही ॲपनं सांगितलं नसतं, गावातल्या माणसाला एका नजरेत कळलं.

पुराच्या वेळी तर फारच जपून. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं, जिथं इशारा पातळी 40 आणि धोका पातळी 45 फूट आहे. त्या पुराचे फोटो दर पावसाळ्यात परत फिरतात. 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी वाढायला लागलं तेव्हा माझ्या फोनवर दोन वर्षांपूर्वीचेच फोटो "आत्ताचे" म्हणून येत होते आणि लोक घाबरून घरं सोडायची की नाही ते त्यावरून ठरवत होते. अशा वेळी फोटोशी भांडत बसायचं नाही, पाटबंधारे खात्याकडून त्या वेळची पाणीपातळी घ्यायची आणि आकडा व वेळ दोन्ही लिहायचं, "दुपारी 3 वाजता आयर्विन पूल अमुक फूट". वेळ न लिहिलेला पाणीपातळीचा मेसेज सहा तासांनी अफवा होतो, आकडा खरा असला तरी. हे मी अगदी कळकळीनं सांगतोय, कारण आपणच टाकलेला सकाळचा खरा मेसेज संध्याकाळी लोकांना चुकीच्या रस्त्यानं नेतो.

माझीही एक चूक सांगतो. वार्ताहर असताना घाटातल्या अपघाताचा फोटो एका ओळखीच्या पुढाऱ्याकडून आला, तो माणूस कधी खोटं बोलत नाही म्हणून मी विचारलंच नाही, पाठवून दिला, छापून आला. फोटो दुसऱ्या घाटातला, आदल्या वर्षीचा. अपघात खरा होता, फोटो खोटा होता. त्या जुन्या अपघातात ज्यांचं माणूस गेलं होतं त्यांचा दुसऱ्या दिवशी मला फोन आला. रागावले नाहीत, फक्त म्हणाले की आईनं पेपर बघितला. त्यानंतर पाठवणारा किती का विश्वासू असेना, "तुम्ही स्वतः काढलाय का" हा प्रश्न मी कधी सोडला नाही.

अर्धवट माहिती असताना लिहायचं कसं

डेस्कवरून फोन येतोच, दुसऱ्यांनी टाकलंय, तू कधी टाकतोस. तेव्हा जेवढं कळलंय तेवढंच लिहायचं आणि जे कळलं नाही तेही लिहायचं. उदाहरणार्थ: "बसस्थानकाजवळच्या मारामारीचा व्हिडिओ फिरतोय. घटना आज सकाळी 11 च्या सुमारास घडल्याचं पोलिसांनी सांगितलं. कारण अजून समजलेलं नाही. दोघांवर उपचार सुरू आहेत. कुणाचा मृत्यू झाल्याची माहिती पोलीस आणि हॉस्पिटल दोघांकडेही नाही." बघा, यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं आहे, कारण ग्रुपवर तोपर्यंत दोन जण "गेलेले" असतात. "सूत्रांकडून समजतं" हे मात्र बंद करा. ते सूत्र म्हणजे तोच व्हॉट्सॲप ग्रुप असतो हे आता वाचकालाही कळतं.

कायद्याचं एवढं लक्षात ठेवा की बलात्कारपीडितेची ओळख उघड करायला भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 नं मनाई आहे, आणि मूल असेल तर पोक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं) कलम 23 आणि बाल न्याय कायद्याचं कलम 74. नाव लिहिलं नाही पण गाव, शाळा, बापाचा धंदा लिहिला तरी गावात ओळख पटतेच, आणि चेहरा झाकून घराचं दार दाखवलं तरी तेच. फेसबुक लाइव्ह करणाऱ्यांनी तर हे दहादा वाचावं, छापील पेपरला निदान मधे उपसंपादक असायचा.

आता पीआरच्या खुर्चीवरून

पीआरवाल्याला पहिला फोन येतो तो मालकाचा किंवा चेअरमनचा, आणि ते म्हणतात, "काही बोलायचं नाही, दोन दिवसांत बसेल." पूर्वी खरंच बसायचं. 2003 च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, मुंबईत कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या आणि महाराष्ट्राच्या एफडीएनं, म्हणजे अन्न व औषध प्रशासनानं, कारवाई केली. कंपनी आधी म्हणाली की दुकानदारांनी माल नीट ठेवला नाही, एफडीए म्हणालं पॅकिंगच बरोबर नाही, मग कंपनीनं प्रोजेक्ट विश्वास नावाचा कार्यक्रम हाती घेतला, 2004 च्या सुरुवातीला नवीन पॅकिंग आणलं, अमिताभ बच्चन यांना घेऊन जाहिरात केली आणि लोकांचा विश्वास परत मिळवला. म्हणजे पहिलं उत्तर चुकलं तरी सावरायला महिने मिळाले. 2015 ला मॅगी नूडल्समध्ये शिसं जास्त आहे म्हणून बंदी आली, तेव्हा तसं राहिलं नव्हतं. माल सुरक्षित आहे हेच कंपनीचं म्हणणं होतं, 13 ऑगस्ट 2015 ला मुंबई हायकोर्टानं बंदीचा आदेश रद्द करून नव्यानं तपासणी करायला सांगितली आणि नोव्हेंबरात मॅगी दुकानात परत आलीसुद्धा, पण जूनमध्ये माल मागं घ्यायची वेळ आली तोपर्यंत लोकांनी आपापल्या फोनवर निकाल लावून टाकलेला होता. लॅबचा रिपोर्ट, कोर्टाची तारीख हे सगळं आपल्या गतीनं चालतं. घरातली आई पोराच्या ताटात काय वाढायचं ते त्याच रात्री ठरवते, तिला त्याच रात्री काहीतरी सांगावं लागतं.

म्हणून पहिल्या तासात एक छोटं निवेदन जायलाच पाहिजे. त्यात बचाव नको, निष्कर्ष नको. मी हॉस्पिटलसाठी साधारण असं लिहितो:

"आज दुपारी आमच्या अपघात विभागातला एक व्हिडिओ फिरत आहे. तो आम्ही बघितला आहे. संबंधित पेशंटवर उपचार सुरू असून नातेवाइकांशी आमचे वरिष्ठ डॉक्टर बोलत आहेत. नेमकं काय झालं याची माहिती घेत आहोत आणि संध्याकाळी 6 वाजता पुन्हा कळवू. तोपर्यंत पेशंटचं नाव किंवा फोटो कृपया पसरवू नये."

आणि खाली स्वतःचं नाव, नंबर. सहा वाजता म्हणालात तर सहालाच पुन्हा मेसेज टाका, नवीन काही नसलं तरी "अजून चौकशी सुरू आहे, पुढची माहिती 9 वाजता" एवढं टाका. दिलेली वेळ पाळली की पत्रकार तुमच्या निवेदनाची वाट बघतात, नाही पाळली की ते गेटवरच्या वॉचमनला विचारतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

एका संस्थेत माझं ऐकलं नाही (नाव सांगत नाही). चाळीस सेकंदांचा व्हिडिओ होता, नातेवाईक काउंटरवर ओरडतायत आणि स्टाफ मान खाली घालून बसलाय. खरी गोष्ट अशी होती की पेशंटला आत घेतलेलं होतं, उपचार सुरू होते, फक्त बाहेर कुणी नातेवाइकांना सांगितलं नव्हतं. एवढंच सांगितलं असतं आणि न सांगितल्याबद्दल माफी मागितली असती तर संध्याकाळपर्यंत शांत झालं असतं. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी वकिलाच्या भाषेतला खुलासा आला, "सदर प्रकार हेतुपुरस्सर बदनामीसाठी", आणि तिसऱ्या दिवशी गेटवर मोर्चा. मला त्या काउंटरवरच्या पोरीचं वाईट वाटतं, सगळ्या जिल्ह्यानं तिचा चेहरा बघितला आणि तिची काडीची चूक नव्हती.

माफीच्या वाक्यात "जर" आणि "तर" नको. "कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहोत" हे वाचून माणूस आणखी चिडतो. काय चुकलं ते एका वाक्यात, काय केलं ते दुसऱ्या वाक्यात, बास. आणि खाली आलेल्या कमेंट उडवू नका, शिवीगाळ सोडून. उडवलेल्या कमेंटचा स्क्रीनशॉट कुणाकडे ना कुणाकडे असतोच, मग बातमी मूळ विषयाची राहत नाही, तुम्ही काय लपवताय त्याची होते. मुंबई पोलिसांनी डिसेंबर 2015 मध्ये ट्विटरवर खातं सुरू केलं, त्यांचे चटपटीत मीम सगळ्यांना आठवतात, पण मला शिकण्यासारखं वाटतं ते दुसरंच, की लोक तक्रार करतात आणि खाली उत्तर येतं. मीमची नक्कल करणारी पेजेस शेकडो झाली, उत्तर देणारी थोडीच.

रोजच्या प्रेसनोटबद्दलही थोडं सांगतो, कारण डेस्कवरची मंडळी याच्यानं वैतागलेली असतात. प्रेसनोट युनिकोडमध्ये टाइप करून मेसेजमध्येच पाठवा, श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधली फाइल पाठवली तर मोबाइलवर नुसती गिचमिड दिसते, आणि लेटरहेडवर सही-शिक्का मारून स्कॅन केलेली पीडीएफ पाठवली तर उपसंपादकाला ती सगळी परत टाइप करावी लागते, तो करत नाही, बाजूला टाकतो. फोटो डॉक्युमेंट म्हणून, सोबत डावीकडून कोण कोण त्यांची नावं बरोबर शुद्धलेखनात. सत्काराच्या फोटोत बावीस जण नकोत. आणि तीच प्रेसनोट सगळ्यांना एकदम ग्रुपवर टाकली की सगळ्या पेपरात शब्दन्‌शब्द तीच बातमी येते, हे वाचकाचं नुकसान आहे असं मला मनापासून वाटतं. पत्रकाराला पुढं विचारायला एक माणूस द्या, ज्याच्याशी तो स्वतः बोलू शकेल.

पैशाचं स्पष्ट लिहा

आता जिल्ह्याजिल्ह्यात रील करणारे आहेत, लाखावर फॉलोअर्स असलेले, आणि क्लायंट म्हणतो पेपरला जाहिरात देण्यापेक्षा त्याला द्या. द्या की, पण पैसे किंवा वस्तू देऊन करून घेतलेल्या पोस्टवर जाहिरात असं ठळक दिसलं पाहिजे. जाहिरात क्षेत्राच्या एएससीआय या संस्थेचे त्याबाबतचे नियम 2021 पासून आहेत, केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं जानेवारी 2023 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्याखाली 10 लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. डॉक्टर, औषधं, गुंतवणूक, पतसंस्थेच्या ठेवी असले विषय असतील तर रीलवाल्याला स्क्रिप्ट देताना दोनदा विचार करा, लोक ते ऐकून आयुष्याची कमाई ठेवतात.

पत्रकारांची अडचण मला माहितीये. वार्ताहराला मानधन नावापुरतं आणि जाहिरातीचं टार्गेट डोक्यावर, म्हणजे सकाळी ज्या संस्थेची बातमी करायची तिच्याकडेच दुपारी वर्धापनदिनाच्या जाहिरातीसाठी जायचं. एकट्या वार्ताहराला हे मोडता येणार नाही. पण दोन गोष्टी त्याच्या हातात आहेत, व्हिडिओ दाबण्यासाठी जाहिरात घ्यायची नाही आणि जाहिरात दिली नाही म्हणून व्हिडिओ चालवायचा नाही. आणि पीआरवाल्यानं पहिली ऑफर स्वतःहून द्यायची नाही, चेअरमन कितीही म्हणाला तरी.

चुकलं तर

चूक गुपचूप डिलीट करायची नाही. ज्या ग्रुपवर, ज्या पेजवर चुकीचं टाकलं तिथंच, "सकाळी आम्ही टाकलेला फोटो जुना होता, तो काढला आहे, बरोबर माहिती अशी" असं लिहायचं, आणि ज्यांनी तो तुमच्याकडून घेतला असेल अशा पाच-दहा जणांना पर्सनलवर कळवायचं. दुरुस्ती मूळ पोस्टएवढी फिरत नाही हे खरंय, तरी करायचीच, कारण पुढच्या वेळी गावात कुणाचं ऐकायचं ते लोक यावरूनच ठरवतात.

हे आजच करून ठेवा

हे सगळं एका तासात जमतं ते फोन नंबर आधीपासून असतील तरच. पोलीस ठाण्यातल्या ठाणे अंमलदाराचा लँडलाइन नंबर (साहेब बदलतात, लँडलाइन बदलत नाही), सरकारी हॉस्पिटलच्या अपघात विभागाचा रात्रपाळीचा नंबर, तहसील आणि जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचे नंबर, पाटबंधारे खात्यात पाणीपातळी सांगणारा माणूस, जिल्हा माहिती कार्यालय, एसटी डेपोचं कंट्रोल, आणि प्रत्येक मोठ्या गावातला एक माणूस जो घराबाहेर येऊन बघून सांगेल, मग तो पानटपरीवाला असेल नाहीतर शाळेतले सर. पीआरवाल्यांनी आपल्या संस्थेतल्या तीन जणांची नावं ठरवून ठेवायची, रात्री दोनला कोण फोन उचलणार, निवेदनाला कोण हो म्हणणार आणि कॅमेऱ्यासमोर कोण बोलणार. हे सगळे नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा, कारण पुराच्या रात्री मोबाइलची बॅटरी संपते, माझी संपली होती, आणि शेजारच्या माणसाचा फोन मागून घेतला तेव्हा मला एकही नंबर पाठ नव्हता.